गाळ्याचा हिशोब आणि कारीगराचा खोकला

१९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. १९८५ ची नगरपरिषद २००२ मध्ये महानगरपालिका झाली. आम्हा कापडवाल्यांचाही धंदा वाढला. परंतु शहराची कमाई वाढली म्हणजे सर्वांची तब्येत सारखीच सुधारली, असे समजणे चूक आहे.

क्षयरोगाचेच पाहा. हा रोग हवेतून पसरतो. इंग्लंडमध्ये क्षयाचे बळी १९४० च्या दशकात औषध सापडण्यापूर्वीच कितीतरी घटले होते. चांगले अन्न आणि मोकळी घरे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. म्हणजे विकासाचा पैसा गरिबाच्या ताटापर्यंत आणि खिडकीपर्यंत पोहोचला की रोग हटतो. आपल्याकडे पैसा आला, पण खिडकी मालकाच्याच फ्लॅटला लागली. कारीगर बंद गाळ्यात दिवसभर शिवतो आणि रात्री तेथेच झोपतो.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा एक कटिंग मास्टर दोन महिने खोकत होता. सीझन होता. मी खोकल्याची बाटली आणून दिली आणि काम चालू ठेवले. शेवटी क्षय निघाला. तोवर शेजारच्या मशीनवरच्या मुलालाही लागण झाली होती. मास्टरला थोडे बरे वाटताच मजुरी बुडते म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि रोग उलटला. औषध मोफत होते, पण बसून खाण्याची ऐपत त्याच्याकडे नव्हती. ती मी द्यायला हवी होती.

व्यापारी बंधूंनो, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट दिसली तर कारीगराला सरकारी दवाखान्यात पाठवा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा इलाज साधारण सहा महिने चालतो. तो मध्येच सोडला तर नेहमीची औषधे निकामी होऊ शकतात. सकस आहारासाठी सरकार रुग्णाच्या बँक खात्यात २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० झाली. तेवढ्यात घर चालत नाही. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांची मजुरी कापू नका, त्याची जागा राखून ठेवा आणि गाळ्याची खिडकी उघडी ठेवा.

खातेवहीत हा खर्च दिसेल. पण दोन हुनरमंद कारीगर गमावण्याचा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. तो मी भरला आहे.