पालखीचा मुक्काम आणि गावची विहीर

ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून सोलापूर जिल्ह्यात शिरते, आणि या जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम माळशिरस तालुक्यातील नातेपुते येथे पडतो. एका रात्रीपुरती लाखो माणसे या गावी उतरतात. त्यांना जेवू घालणे पंचक्रोशीस जड जात नाही. जड जाते ते निर्धोक पाणी पुरविणे. दिवस पावसाळ्याच्या आरंभीचे असतात. पहिल्या पावसाबरोबर शिवारातील घाण ओढ्यांत आणि उघड्या विहिरींत वाहून येते. गर्दी व गढूळ पाणी यांची अशी गाठ पडली की पटकीस, म्हणजेच कॉलऱ्यास, हवी तशी संधी मिळते.

एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या पूर्वार्धात पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकी फैलावण्याचे प्रसंग वारंवार आले. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर रोग वाटेवरच्या गावांत उतरे. लोक त्यास मरीआईचा कोप समजत आणि तिचा गाडा शिवेबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडीत. रोग गावोगाव सरकतो हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्याचे वाहन मात्र गाडा नसून पाणी होते. लंडन शहरात डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी या रोगाचा संबंध दाखवून दिला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला.

हा जंतू रोग्याच्या मलातून बाहेर पडतो व पाण्यावाटे किंवा माश्या बसलेल्या अन्नावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. जठरातील आम्लातून जे जंतू वाचतात ते लहान आतड्याच्या अस्तरास चिकटतात आणि तेथे एक विष सोडतात. हे विष कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले. विषामुळे आतड्याच्या पेशी रक्तातील पाणी व क्षार आतड्यात ओतू लागतात. काही तासांत, अथवा पाच दिवसांच्या आत, तांदळाच्या धुवणासारखे ढाळ सुरू होतात. जोराच्या विकारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाते. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी लवकर पूर्ववत होत नाही, पोटऱ्यांत वांब येतात, लघवी बंद पडते, नाडी लागेनाशी होते. सकाळी शेतात गेलेला धट्टाकट्टा माणूस सायंकाळी दगावतो तो पाणी आटल्याने. उपचार न मिळाल्यास अशा गंभीर रुग्णांपैकी निम्मे दगावू शकतात. उलट, कित्येकांस जंतूंची बाधा होऊनही काहीच त्रास होत नाही. तरीही त्यांच्या मलातून जंतू काही दिवस पडत राहतात. रोगी दिसला नाही म्हणून गाव निर्धास्त राहू शकत नाही ते यामुळेच.

उपायाची गोष्ट विशेष आहे. आतडे पाणी टाकीत असतानाही साखर व मीठ एकत्र मिळाल्यास ते दोहोंबरोबर पाणी शोषून घेते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजण्याचा मार्ग धरला. तेथे सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीची पुडी हाताशी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. मीठ अधिक पडू देऊ नये. लहान मुलास ते घातक ठरते. हे पाणी पाजीतच रोग्यास दवाखान्यात न्यावे, कारण रोगी पिऊ शकेनासा झाला म्हणजे सलाईनवाचून गत्यंतर नसते.

२०२० साली करोनाच्या साथीत पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. तो रोग श्वासावाटे पसरणारा असल्याने माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणे भाग पडले. पटकीचे तसे नाही. येथे माणसे एकत्र आली तरी चालते, मल व पाणी तेवढे एकत्र येता कामा नये. लशीवरच विसंबणेही पुरेसे नाही. हाफकिन यांनी १८९३ पासून भारतात टोचलेल्या लशीच्या धर्तीवरील जुन्या लशींचे संरक्षण अपुरे व काही महिन्यांपुरतेच असे.

शेतकरी बंधूंच्या हाती असलेले मुख्य काम विहिरीचे आहे. विहिरीस कठडा व सांडपाणी दूर नेणारी मोरी असावी, शौचखड्डा निदान १५ मीटर दूर असावा, काठावर रोग्याचे कपडे धुऊ नयेत. दर हजार लिटर पाण्यास साधारण २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते व त्यास ७० ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून विहिरीत सोडावी व पोहरा खालीवर करून पाणी ढवळावे. नंतर एक तास कोणीही पाणी शेंदू नये. मुक्कामाच्या आदल्या रात्री हे काम उरकल्यास पहाटे उठणाऱ्या दिंड्यांना निर्धोक पाणी मिळते.