हळदीची साक्ष

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला तेल माखून उटणे चोळण्याचा सोहळा आमच्या न्हाणीघरात चाललेला असताना, खुंटीवरच्या पांढऱ्या पंचाला कोणा ना कोणाची हळदीने माखलेली बोटे लागतच. आणि एका वर्षी ही आगळीक माझ्या हातून घडली. मोठ्यांच्या नजरेस पडण्यापूर्वी गुन्ह्याचा मागमूस पुसावा म्हणून मी धुण्याच्या साबणाची वडी त्या डागावर घाईघाईने घासली, तो काय, फिकट पिवळी बोटे क्षणार्धात रक्तासारखी लाल झाली. माझी पाचावर धारण बसली. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "अरे, साबणापुढे हळद चहाडी करते. खळबळून काढ आणि उन्हात टाक, म्हणजे विसरेल ती." तसेच झाले. भरपूर पाण्यात तांबडा डाग पुन्हा पिवळा झाला, आणि दोन दिवसांच्या कार्तिकी उन्हाने तो पिवळेपणाही हळूहळू शोषून घेतला.

पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या कागदाची पट्टी मास्तरांनी दाखवली, तेव्हा त्या चहाडीचा उलगडा झाला. हळदीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते कर्क्युमिन आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळे राहते, आणि क्षाराचा स्पर्श होताच तांबडे होते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या एक परीक्षक बसलेला होता आणि त्याची जबानी कोणी नोंदवून घेतली नव्हती. रोजच्या वापरातील आवडत्या वस्तूंविषयी लिहिताना त्याच साक्षीदाराला प्रथम बोलवावे असे मला वाटते, कारण त्याच्या जबानीतून निघणारी गोष्ट केवळ हळदीपुरती नाही. आज बाजारात सौंदर्यप्रसाधने एका फळीवर, खाद्यपदार्थ दुसरीवर, कपडे धुण्याचे जिन्नस तिसरीवर आणि भांडी घासण्याचे चौथीवर मांडलेले असतात. आपल्या आजीच्या फडताळात ही वाटणी नव्हती. तिथे वस्तूची जागा तिच्या गुणावरून ठरत असे, आणि एकच गुण केसाला, रेशमाला, आमटीला आणि तांब्याला सारखाच उपयोगी पडत असे.

चिंचेचेच उदाहरण घ्यावे. आमटीला आंबटपणा देणारा कोळ काढून झाल्यावर उरलेला चोथा टाकला जात नसे. तो देवघरातल्या समया, निरांजने आणि पाण्याचे तांब्याचे हंडे यांच्या वाट्याला जाई, कारण जिभेला रुचणारे तेच आम्ल तांब्यापितळेवरची काळी पुटे विरघळवते. मग राहत चिंचोके. मुलांच्या खेळातून जे वाचत त्यांचे पीठ शिजवून खळ होई, आणि धनगराच्या मागावर घोंगडीच्या ताण्याला ती खळ देऊन लोकरीचे सूत ताठ व टिकाऊ केले जाई. एका झाडाच्या एका शेंगेने स्वयंपाक, घराची निगा आणि वस्त्र ही तिन्ही खाती सांभाळली. आणि या हिशेबात कोठे थकबाकी राहिली असे दिसत नाही.

ही दृष्टी किती जुनी आहे याचा दाखला मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सापडतो. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी यथायोग्य करावी, असे तिथे सांगितले आहे. आणि वस्त्रांच्या बाबतीत तर तपशील अधिकच बारीक आहे. रेशमी व लोकरी कापडाला खारी माती, कांबळ्याला रिठा आणि क्षौम, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, वस्त्राला पांढरी मोहरी अशी वाटणी करणाऱ्या त्या श्लोकाने धाग्याची जात पाहून शुद्धीचे द्रव्य ठरवले आहे. रेशमाला खारी माती सांगितलेली पाहून आजचा रसायनज्ञ भुवया उंचावील, आणि ते योग्यच होईल. परंतु प्रश्न विचारण्याची पद्धत बिनचूक होती, एखादे उत्तर चुकले म्हणून पद्धत खोटी ठरत नाही.

आता रिठ्याकडे वळू. वाळलेल्या रिठ्याची तपकिरी, सुरकुतलेली साल हाताला चिकटते, आणि आतली काळीभोर, टणक बी खेळण्याखेरीज दुसऱ्या कामाची नसते. फेसाचा सारा ऐवज त्या सालीतच असतो. रात्री ऊन पाण्यात भिजत टाकलेले रिठे सकाळी हाताने कुस्करून पंचातून गाळले, की त्या पिवळट पाण्यावर असा दाट, बारीक फेस चढे की परातीचा काठ दिसेनासा होई. आणि आमच्या आत्याच्या शिस्तीप्रमाणे त्या पाण्याचा एक वाटा केसांसाठी, एक वाटा रेशमी लुगड्यासाठी आणि तळाशी उरलेला वाटा पाटल्या-बांगड्यांसाठी ठरलेला असे. सोनाराच्या दुकानातही दागिना उजळायला रिठ्याचे पाणी असे. हे पाहून वाटे की ही सारी काटकसर आहे. ती होतीच, पण तिच्या मुळाशी अचूक ज्ञान होते.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे आणि दुसरे तेलाशी, त्यामुळे तेलकट मळ आणि पाणी यांच्यात ती वकिली करतात. साबणाचे कामही हेच; परंतु साबण चरबी किंवा तेल आणि तीव्र क्षार यांच्या संयोगाने तयार होतो, आणि त्याचे पाणी क्षारधर्मी राहते, तर रिठ्याचे आणि शिकेकाईचे पाणी आम्लाकडे झुकलेले असते. केस आणि रेशीम ही दोन्ही मूलतः प्रथिने. एक माणसाच्या त्वचेतून वाढते, दुसरे किडा विणतो. क्षाराने केसांचे बारीक खवले उभारतात व ते राठ होतात, आणि क्षारानेच रेशमाची झळाळी जाते. म्हणून केसांना जे मानवते ते पैठणीलाही मानवते, हा आत्याचा हिशेब शास्त्राच्या दफ्तरात जसाच्या तसा रुजू होतो. उलट सुती कापड क्षार सोसते. परटाची भट्टी सोड्यावर चालत असे ती याच भरवशावर.

रिठ्याला पसंती मिळण्याचे दुसरे कारण आपल्या भूमीचे. दख्खनच्या कितीतरी विहिरींचे पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबण फेसाळता फेसाळत नाही, आणि या दोन्ही तक्रारींचा आरोपी एकच आहे: पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम. साबण त्यांच्याशी मिळून भुरकट साका धरतो, आणि तो साका कपड्यावर आणि केसांत बसतो. रिठ्याला ही अडचण नाही.

या जिन्नसांच्या नावांचा प्रवासही मनोरंजक आहे. शिकेकाई हे नाव तमिळमधून आले; त्याचा अर्थ केसांचे फळ. साबण हा शब्द अरबी-फारसीतील 'साबून'चा नातलग. रिठ्याच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्राने दिलेल्या सॅपिंडस या लॅटिन नावाचा अर्थ भारतीय साबण असा होतो, आणि आज बाटलीत भरून आपल्याला विकला जाणारा शाम्पू हा शब्द मूळ हिंदीतील 'चांपो'पासून, म्हणजे आपल्या पाय चेपण्याच्या जवळच्या क्रियेपासून, निघाला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे मर्दनाचे स्नानगृह चालवले आणि इंग्लंडच्या राजापर्यंत लौकिक मिळवला. त्यांनी तिथे रूढ केलेला शब्द पुढे मर्दनावरून केस धुण्यावर सरकला आणि फेरफटका मारून आपल्याच न्हाणीघरात परतला.

साबण स्वतः जहाजातून आला. १८८८ मध्ये लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. १८९५ मध्ये लाइफबॉय आला. प्राण्यांच्या चरबीचा साबण अंगाला लावण्यास अनेक घरांत हरकत होती, आणि ती ओळखून कुलपांच्या धंद्यात नाव कमावलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास वनस्पतिजन्य तेलाचा साबण बाजारात आणला. त्याला नावही दिले 'चावी'. म्हैसूर संस्थानाने चंदनाच्या तेलाचा साबण काढला. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या आणि साबणाची वडी ही स्वच्छतेबरोबरच सौंदर्याचीही सनद ठरली. सत्तरच्या दशकात टाटा ऑइल मिल्सने आणलेल्या गोल, सुगंधी मोती साबणाने तर महाराष्ट्राच्या अभ्यंगस्नानात उटण्याशेजारी पाटच मांडून घेतला. १९९३ साली ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली, तरी मोतीचा मान ढळला नाही. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेली निरमा पावडर सायकलवरून दारोदार गेली आणि धुण्याचा खर्च सामान्यांच्या आवाक्यात आणला. शिवाय अशी कृत्रिम पावडर जड पाण्यातही फेसाळते, हा तिचा गुण आपल्या विहिरींच्या गावी मोलाचा होता.

या इतिहासाकडे तुच्छतेने पाहणे कृतघ्नपणाचे होईल. रिठे फोडणे, भिजवणे, कुस्करणे, गाळणे ही कामे घरातल्या बायकांच्या माथी होती, आणि त्या कामांच्या आठवणींचे गोडवे बहुधा ती कामे न करणारेच गातात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की जीव कळवळतो, पांढऱ्या सुती कपड्यावर त्याचा पिवळट रंग चढतो, आणि हात धुण्यासाठी साबणाइतका झटपट जिन्नस दुसरा नाही. साबणाचा दोष एवढाच की, आपली मर्यादा सांगण्याची जबाबदारी त्याच्या वडीवर कोणी टाकली नाही, आणि जाहिरातीने त्याला सर्वत्र मुखत्यारपत्र देऊन टाकले.

बाजारातल्या फळ्यांच्या वाटणीचा कारभार कधी कधी गमतीदार पेचात सापडतो, आणि तिथेही हळदच साक्षीला उभी राहते. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या विको कंपनीने १९७५ मध्ये हळदीचे मलम काढले, तेव्हा अबकारी खात्यापुढे प्रश्न पडला की हे औषध की प्रसाधन? प्रसाधन ठरले तर कर अधिक, औषध ठरले तर कमी. हा कज्जा अनेक वर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने, म्हणजे औषधाच्या बाजूने लागला. नवरीला हळद लावणाऱ्या, कापलेल्या बोटावर हळद दाबणाऱ्या आणि भाजीत हळद टाकणाऱ्या घरात हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही आला नसता. पुढे १९९५ मध्ये जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध पुराव्यात दाखल केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

या साक्षीदाराचे माहेर आपल्याकडे आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवे आहेत. तोंड बंद केल्यावर आत हवा जात नाही, कीड लागत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नाही. २००५ आणि २०१९च्या महापुरांनी या पेवांचे फार नुकसान केले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावी हळदीचे कुंकू होते, आणि हळदीला टाकणखार व लिंबाच्या रसाचे पुट देऊन ते लाल करण्याची जुनी रीत पाहिली, की माझ्या पंचावरच्या त्या डागाची आठवण येते. जी लाली माझ्या लेखी गुन्ह्याचा पुरावा होती, तीच कपाळी सौभाग्य म्हणून मिरवत होती.

तेव्हा माझा निष्कर्ष थोडक्यात असा: जुने ते सारे परत आणण्याची गरज नाही, पण वस्तू कोणत्या फळीवर ठेवलेली आहे यावरून तिची योग्यता ठरवणे सोडले पाहिजे. हात आणि सुती कपडे खुशाल साबणाला द्यावेत. केस, रेशीम आणि लोकर यांच्यासाठी मात्र आधी विचारून घ्यावे. विचारायचे कोणाला, तर हळदीला. पांढऱ्या चिंधीवर ओल्या हळदीचे एक बोट उमटवा, वाळू द्या, आणि घरात येणाऱ्या नव्या वडीचा किंवा पावडरीचा फेस त्यावर चोळा. डाग पिवळा राहिला तर निदान क्षाराची भीती नाही. लाल झाला, तर ती वडी आईच्या पैठणीजवळ नेऊ नका.