रियालाचा भाव चढला; फरक कोणी भरायचा?

मंचरच्या एका व्यापारी वाचकांनी आम्हाला प्रश्न विचारला आहे. पती-पत्नीच्या उमऱ्याचे पैसे ठरले तेव्हा एजंटाने एक आकडा सांगितला. त्यांनी बयाणा दिला. चार महिन्यांनी उरलेली रक्कम भरायला गेले तेव्हा ‘डॉलर वाढला’ म्हणून सोळा हजार जादा मागितले. ही फसवणूक समजायची काय? नारायणगाव, ओतूर, घोडेगाव या बाजूनेही अशी विचारणा अधूनमधून होते, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहोत.

फसवणूक असेलच असे नाही. एजंट आपल्याला रक्कम रुपयांत सांगतो, पण मक्का-मदिनेतील हॉटेल, जेवण, बस यांचे पैसे त्याला रियालात चुकवावे लागतात. रियाल हे चलन 1986 पासून डॉलरला बांधलेले आहे. एका डॉलरला 3.75 रियाल. म्हणजे रियाल स्वतःहून हलत नाही, रुपया डॉलरपुढे घसरला की तो आपोआप महाग होतो. डॉलर 85 रुपयांना असताना रियाल 22 रुपये 67 पैशांना पडतो, 90 झाला की 24 रुपयांना. दोघांचा तिकडचा खर्च 12 हजार रियाल धरला तर पहिल्या भावाने 2 लाख 72 हजार आणि दुसऱ्या भावाने 2 लाख 88 हजार होतात. सोळा हजारांचा फरक तेथून आला असू शकतो. मात्र वाढ फक्त रियालाच्या भागावर हवी. विमानाचे तिकीट आधीच काढून झाले असेल तर त्यावर ‘डॉलर वाढला’ ही सबब चालू नये. आमच्या मते येथेच खरी गफलत होते. काही एजंट संपूर्ण रकमेवर सरसकट टक्के चढवतात, आणि यात्रेच्या घाईत कोणी विचारत नाही.

हा धोका नवा नाही. 1959 साली रिझर्व्ह बँकेने हजयात्रेकरूंसाठी 10 व 100 रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. पुढे त्या बंद पडल्या. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांवर गेला. 1991 मध्ये हज जून महिन्यात होऊन गेला आणि जुलैच्या 1 व 3 तारखेला सरकारने दोन टप्प्यांत अवमूल्यन केले. 21 रुपयांच्या आसपासचा डॉलर 26 च्या घरात गेला. त्या वर्षीचे हाजी थोडक्यात वाचले, पुढच्या वर्षीच्यांनी भरले.

सर्वांत बोलका दाखला 2013 चा आहे. मे महिन्यात डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता, 28 ऑगस्टला तो 68 रुपये 80 पैशांपर्यंत चढला. त्या काळी हज कमिटीच्या यात्रेकरूंना निघताना 2,100 रियाल हातखर्चाला मिळत. (ही पद्धत आता राहिलेली नाही, रियाल ज्याचे त्याने घ्यायचे असतात.) तेवढेच रियाल मेमध्ये सुमारे 30,800 रुपयांचे आणि ऑगस्टअखेर सुमारे 38,500 रुपयांचे होते. पुढे ऑक्टोबरात ईदच्या सुमारास डॉलर 61-62 वर उतरला. म्हणजे घाबरून ऑगस्टअखेर रियाल घेणाऱ्याने सर्वांत महाग घेतले. भाव कधी चढेल आणि कधी उतरेल हे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे सांगता येत नाही, तेथे डॉलरचे कोण सांगणार?

म्हणून भाव ओळखण्याच्या नादी लागू नये. आपल्या भागात पैसा एकदम येत नाही. कांद्याच्या, द्राक्षाच्या, दुधाच्या पट्टीप्रमाणे येतो. तो येईल तसा तीन-चार हप्त्यांत रियालात फिरवून ठेवावा, सरासरी भाव मिळतो. यासाठी बँकेचे परकीय चलनाचे कार्ड सोयीचे असते. ज्या दिवशी कार्डात रियाल भरले त्या दिवशीचा भाव कायम होतो. कार्डात डॉलर भरून तिकडे रियालात खर्च केला तर चलनबदलाचा वेगळा आकार लागू शकतो, तेव्हा रियालच भरावेत. साध्या क्रेडिट कार्डावर बँका बहुधा तीन-साडेतीन टक्के जादा लावतात. तिकडचा दुकानदार ‘रुपयांत कापू की रियालात’ असे विचारतो. रियालातच सांगावे, कारण रुपयांचा भाव तो स्वतःच्या सोयीने लावतो.

रोख रियाल घेताना वर्तमानपत्रात छापलेला भाव मागू नये, तो आपल्याला मिळत नाही. विक्रीचा भाव त्याहून जास्त असतो, वर जीएसटी लागतो. दोन-तीन ठिकाणी सर्व आकार धरून एका रियालाला किती पडले ते विचारावे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडूनच घ्यावे आणि पावती सोडू नये. 50 हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे परकीय चलन रोखीने मिळत नाही. आडतीवरून थेट नोटांची पिशवी घेऊन जाणाऱ्यांची येथे अडचण होते, म्हणून पैसे आधी खात्यात भरावेत.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांनीही पहिल्या हप्त्यांवरून एकूण खर्चाचा अंदाज बांधू नये. अंतिम रक्कम विमानभाडे आणि रियालाचा भाव ठरल्यावर जाहीर होते, म्हणून शेवटच्या हप्त्यासाठी थोडी शिल्लक बाजूला असावी.

मंचरच्या वाचकांनी एजंटाकडून तीन गोष्टी लिहून मागाव्यात: एकूण रकमेत रियालाचा भाग किती, बयाण्याच्या दिवशी रियाल कोणत्या भावाने धरला, आणि बयाण्यातील किती रक्कम तेव्हाच तिकडे पाठवली. पाठवलेल्या भागावर नवा भाव लागत नाही. आणखी एक विचारावे: रियाल उतरला असता तर पैसे परत दिले असते काय? करारात चढ-उतार दोन्ही लिहिलेले असेल तर फरक द्यावा लागेल. काहीच लिहिलेले नसेल, तर सोळा हजारांवर बसून बोलणी करायला त्यांना पूर्ण जागा आहे.