जमीन थंड ठेवणारा रस्ता

आपल्याकडे रस्ता खचला की पहिलं बोट पावसाकडे जातं आणि दुसरं कंत्राटदाराकडे. पण जगाच्या पाठीवर असेही रस्ते आहेत, जे नीट बांधूनही खचतात. रस्ता बांधला, हेच तिथे खचण्याचं एक कारण असतं! २०२४ च्या ऑगस्टअखेर आमच्या बॅचचे सहा जण अशाच एका रस्त्याने गेलो. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं व्हाइटहॉर्स ते अमेरिकेतल्या अलास्काचं फेअरबँक्स, अंतर हजारएक किलोमीटर. रस्त्याचं नाव अलास्का हायवे. डोंगर, तलाव, अस्वलं यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मी लिहिणार आहे ते चाकांखालच्या गोष्टीबद्दल.

गाडी की वन बी.एच.के.?

आम्ही भाड्याने घेतली होती आर.व्ही., म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. ट्रकच्या चासीवर बसवलेलं घरच ते! आत पलंग, ओटा, संडास-बाथरूम, फ्रिज, हीटर. पाण्याच्या तीन टाक्या : एक स्वच्छ पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक संडासाची. शेवटच्या दोन टाक्या ठरलेल्या ठिकाणी पाइप लावून रिकाम्या करायच्या. हे काम कोणाचं यावर रोज चिठ्ठ्या पडायच्या, हे वेगळं सांगायला नको. स्वच्छ पाणी जेमतेम दीडशे लिटर, माणसं सहा. हॉस्टेलवर नळ जाण्याची सवय असल्यामुळे आमचं निभावलं.

हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर. त्यामुळे रात्री थंडी वाढली की गॅस शिल्लक असूनही बॅटरीची काळजी! भाड्याच्या करारात एक कलम ठळक होतं : डेम्पस्टर आणि डाल्टन या खडीच्या हायवेंवर गाडी न्यायची नाही. म्हणून आम्ही आर्क्टिक वृत्ताच्या खालीच राहिलो.

क्लुआनी तलाव मागे पडला आणि बीव्हर क्रीक गावाच्या दिशेने रस्त्याला लाटा सुरू झाल्या. अक्षरशः लाटा! आर.व्ही.चा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबत असतो. त्यामुळे पुढचं चाक जरा खाली गेलं की शेपटी हवेत आणि कपाटातली भांडी जमिनीवर. ताशी पन्नासच्या वर जायची सोय नव्हती. "असं का?" याचं उत्तर आमच्यातल्या सिव्हिलवाल्याने पुढचे दोन तास दिलं. त्याचा सारांश असा.

पायाखालचं बर्फ

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर न जाणाऱ्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आपण कायम गोठलेली जमीन म्हणू. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. या थराखाली काही ठिकाणी मातीपेक्षा बर्फच जास्त असतं. जोवर ते गोठलेलं आहे तोवर जमीन काँक्रीटसारखी टणक. वितळलं की चिखल, आणि बर्फाने अडवलेली जागा रिकामी झाली की वरचं सगळं खाली.

दुसरा त्रास उलटा. बारीक गाळाची माती गोठताना खालचं पाणी केशाकर्षणाने वर ओढून घेते आणि बर्फाचे थर वाढत जातात. पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलो, पण इथे बाहेरून नवं पाणी येत राहतं, म्हणून रस्ता त्याहून कितीतरी जास्त वर उचलला जातो. एका जागी उचललेला, दुसऱ्या जागी बसलेला, म्हणून लाटा.

१९४२ चा धडा

हा रस्ता युद्धाने बांधून घेतला. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अलास्काला जमिनीवरून जोडणारा रस्ता तातडीचा ठरला. मार्च १९४२ मध्ये काम सुरू झालं. अमेरिकेच्या सैन्यातले दहा हजारांहून जास्त जवान त्यावर होते आणि त्यातले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय. तेव्हा सैन्यात गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या. २५ ऑक्टोबर १९४२ ला बीव्हर क्रीकजवळ ९७ व्या (कृष्णवर्णीय) आणि १८ व्या (गोऱ्या) इंजिनिअर रेजिमेंटचे बुलडोझर समोरासमोर आले आणि रस्ता जोडला गेला. अडीच हजार किलोमीटरहून जास्त कच्चा रस्ता, आठ महिन्यांच्या आत!

पण या घाईत एक मोठा धडा मिळाला. बुलडोझरवाल्यांनी नेहमीच्या पद्धतीने झाडं आणि शेवाळाचा थर खरवडून काढला. ते शेवाळ म्हणजे जमिनीची गोधडी होती. गोधडी ओढल्यावर ऊन थेट गोठलेल्या मातीवर पडलं आणि काही दिवसांत रस्त्याच्या जागी दलदल झाली. मग पद्धत बदलली : शेवाळाला हात लावायचा नाही, वर लाकडाचे ओंडके आडवे मांडायचे आणि त्यावर माती-खडीचा भराव टाकायचा. "खोदू नका, वरून भरा" हा गोठलेल्या जमिनीवरच्या बांधकामाचा नियम आजही तोच आहे. २०१७ मध्ये सुरू झालेला इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा आर्क्टिक महासागरापर्यंतचा रस्ताही तसाच, जमीन न कापता, भराव टाकून केला आहे.

तरी रस्ता खचतो का?

खचतो, कारण भराव आणि डांबर यांचे स्वतःचे उद्योग चालू असतात. काळं डांबर उन्हाळ्यात उष्णता शोषून घेतं. भरावाच्या पायथ्याशी पाणी साचतं आणि तेही उष्णता खाली नेतं. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे बर्फ! हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ ढकलून दोन्ही उतारांवर टाकतात. ते तिथे दुलईचं काम करतं, आणि जमिनीला जी थंडी मिळायला हवी ती मिळतच नाही. म्हणून बऱ्याचदा आधी रस्त्याच्या कडा खचतात आणि लांबच लांब भेगा पडतात.

बीव्हर क्रीकजवळच्या स्नॅगला ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ही कॅनडातली सर्वांत थंड नोंद. अशा ठिकाणीही जमीन शून्याच्या जेमतेम खाली असते. म्हणजे हवामान थोडं तापलं तरी ती वितळायला लागते.

म्हणून बीव्हर क्रीकजवळ २००८ मध्ये रस्त्याचा एक तुकडा प्रयोगशाळा म्हणूनच बांधला गेला. कुठे उतारावर छप्पर, म्हणजे बर्फ जमिनीवर साचत नाही. कुठे फिकट रंगाचा पृष्ठभाग. कुठे भरावात मोठमोठे दगड, ज्यांच्या फटींतून हिवाळ्यात थंड जड हवा खाली उतरते आणि उबदार हवा वर निघून जाते. उन्हाळ्यात वरची हवा गरम आणि हलकी असल्याने हे चक्र आपोआप बंद पडतं. प्रत्येक उपाय साध्या भरावापेक्षा महाग. त्यामुळे दरवर्षी डागडुजी करायची की एकदाच मोठा खर्च, हा हिशोब कोणालाच सुटत नाही.

बिनपंपाची दोन यंत्रं

डेल्टा जंक्शनला अलास्का हायवे संपतो. तिथून फेअरबँक्सकडे निघालं की तनाना नदीवर झुलत्या पुलावरून जाणारी तेलाची पाइपलाइन दिसते. पुढे फेअरबँक्सच्या उत्तरेला फॉक्स गावाजवळ ती अगदी जवळून पाहता येते. १९७७ मध्ये पूर्ण झालेली, सुमारे १२८० किलोमीटर लांब आणि ४८ इंच व्यासाची ही ट्रान्स-अलास्का पाइपलाइन. आत गरम तेल, खाली गोठलेली जमीन. म्हणून निम्म्याहून जास्त लांबी खांबांवर. खांबांच्या डोक्यावर पंखांच्या नळ्या दिसतात, त्या म्हणजे हीट पाइप. अशा एक लाखाहून जास्त नळ्या आहेत.

नळीत अमोनिया असतो. हिवाळ्यात जमीन उणे एक आणि हवा उणे तीस असेल, तर तळाचा अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन उकळतो, वाफ वर जाते, पंखांपाशी थंड होऊन द्रव बनते आणि गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते. उन्हाळ्यात वर गरम असल्यामुळे वाफ द्रव होत नाही, काम बंद. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हा उष्णतेचा डायोड झाला!

आमच्या मेकॅनिकलवाल्याला इथे एकदम गाडीतला फ्रिज आठवला. तोही अमोनियाचाच. गॅसच्या ज्योतीने अमोनिया पाण्यातून उकळून वेगळा होतो, थंड होऊन द्रव बनतो, मग हायड्रोजनच्या सोबतीत बाष्पीभवन होताना फ्रिजमधली उष्णता घेतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. आग लावून बर्फ! पंप नाही, कॉम्प्रेसर नाही, प्रवाह गुरुत्वाकर्षणावर. म्हणूनच मुक्काम करताना गाडी सपाट जागी उभी करा, असं मॅन्युअलमध्ये बजावलेलं असतं.

बीव्हर क्रीकसारख्या गावांचा किराणा, डिझेल, औषधं याच रस्त्याने येतात. अलास्कालाही उरलेल्या अमेरिकेशी जमिनीवरून जोडणारा हाच मुख्य मार्ग आहे. तो टिकवायचा तर रोलर आणि डांबर पुरत नाही, जमिनीतली थंडी जपावी लागते. तेव्हा थर्मोडायनॅमिक्स सिव्हिलवाल्यांच्या काय कामाचं, असा प्रश्न पुढच्या वेळी कोणी कॅन्टीनमध्ये विचारला, तर त्याला चहा पाजा आणि हा रस्ता सांगा.