गोल्फमधील खिलाडूवृत्ती
गोल्फमधील खिलाडूवृत्ती म्हणजे स्वतःची चूक स्वतः नोंदवणे आणि मैदानावर संताप आवरणे होय. खेळाडू मैदानभर विखुरलेले असल्याने प्रत्येकावर पंचाची नजर राहू शकत नाही. अमेरिकन हौशी खेळाडू बॉबी जोन्स (१९०२–१९७१) आरंभी तापटपणासाठी ओळखले जात. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूज येथील ब्रिटिश ओपन स्पर्धेत चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकल्यावर त्यांनी खेळ अर्धवट सोडला. १९२५ च्या यू.एस. ओपनमध्ये मात्र चेंडू किंचित हलल्याचे इतरांनी पाहिले नसतानाही त्यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. या दंडामुळे विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि निर्णायक फेऱ्यांत जोन्स एका फटक्याने पराभूत झाले. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन १९५५ पासून खिलाडूवृत्तीसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार देते.