धामेकाठचा बंगला आणि त्याभोवतीची जमीन

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना काही किलोमीटरवर पवनार लागते. तेथे धाम नदीचे पात्र काळ्या बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या खडकाच्या, कातळांमधून वाहते आणि काठाच्या उंचवट्यावर उद्योगपती जमनालाल बजाज यांचा एक बंगला होता. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल होणाऱ्या वर्धा जिल्ह्यात वस्तीसाठी अशी जागा मोलाची असते, कारण ती पुराच्या पाण्यापासून वर राहते आणि तरीही पाणी हाताशी असते.

विनोबा भावे मार्च १९३८ मध्ये या बंगल्यात आले, ते प्रकृती सुधारण्यासाठी. त्या वेळी त्यांचे वजन जेमतेम ८८ पौंड, म्हणजे सुमारे ४० किलो, उरले होते. विश्रांतीसाठी मिळालेल्या या घरात त्यांनी विश्रांतीची रीतच बदलली. भोवतालच्या जमिनीत ते रोज कुदळ चालवू लागले आणि पहिल्या दिवशी पाचच मिनिटे केलेले खोदकाम थोडेथोडे वाढवत गेले. काही महिन्यांत त्यांचे वजन तब्बल चाळीस पौंडांनी वाढले.

या खोदकामात जमिनीनेही आपला इतिहास पुढे केला. परिसरात जी प्राचीन शिल्पे सापडली, त्यांत राम-भरत भेटीचे शिल्प होते, आणि ते विनोबांच्या विशेष जिव्हाळ्याचे ठरले, कारण १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता-प्रवचनांत त्यांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनारच, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. पुढे रामटेकजवळच्या मनसरचे नावही त्यासाठी घेतले गेले. ते काहीही असो, १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननामुळे पवनारच्या वस्तीचे प्राचीनत्व निर्विवाद ठरले.

ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींच्या वैयक्तिक सत्याग्रहातले पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा उभे राहिले, तेही पवनारमधूनच. तथापि या जागेचा खरा कस लागला तो १९५० च्या सुमारास, कांचनमुक्तीच्या, म्हणजे पैशाच्या व्यवहाराविना जगण्याच्या, प्रयोगात. येथील विनोबांच्या आश्रमातले लोक बैलांवाचून केवळ हातांनी शेती करत, तिला ऋषिशेती म्हणत, आणि विहिरीवरचा रहाटही माणसेच फिरवत. भूदानाचा, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याच्या आंदोलनाचा, विषय निघाला की ते जेथे सुरू झाले ती तेलंगणातील पोचमपल्ली आठवते आणि ते योग्यही आहे. परंतु १९५१ मध्ये पदयात्रेला निघण्यापूर्वी जमीन कसण्याचे कष्ट विनोबांनी या काठावर स्वतःच्या अंगाने अनुभवले होते, ही गोष्ट त्या आंदोलनाच्या इतिहासात फार कमी सांगितली जाते.

धामेच्या पात्रात १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले, आणि १२ फेब्रुवारीला तेथे मेळा भरतो. १९५९ मध्ये याच आश्रमात स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरात स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावेत आणि शेती, स्वयंपाक, सफाई ही कामे आपल्याच हातांनी करावीत, अशी व्यवस्था विनोबांनी घालून दिली. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास, म्हणजे ही जागा सोडून न जाण्याचा संकल्प, केला आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्नत्यागानंतर तेथेच देह ठेवला. त्यानंतरही त्या भगिनींनी आश्रमाचा कारभार त्याच पद्धतीने पुढे चालवला.