१५ ऑगस्ट की १७ सप्टेंबर?

१० सप्टेंबर १९९१ रोजी लोकसभेने प्रार्थनास्थळांविषयीचा कायदा मंजूर केला, तेव्हा गृहमंत्री आपल्या मराठवाड्याचेच होते. शंकरराव चव्हाण, जन्म पैठणचा, राजकारण नांदेडचे आणि उमेदीची वर्षे हैदराबाद मुक्तिलढ्यातली. १५ ऑगस्ट १९४७ ला प्रार्थनास्थळ ज्या धर्माचे, ज्या पंथाचे होते त्याचेच राहील, हा त्या कायद्याचा, त्याच्या चौथ्या कलमाचा गाभा. अयोध्या वगळली होती. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावातली जी देवळे पुरातत्त्व कायद्याखाली येतात, तीही यात येत नाहीत. भाजपने कडाडून विरोध केला. १५ ऑगस्टलाच आपण सार्वभौम लोकशाही राष्ट्र म्हणून उभे राहिलो, असे सांगत खासदार मालिनी भट्टाचार्य यांनी या तारखेचे समर्थन केले.

जिंतूरकर इथे अडतो. त्या दिवशी निजामाच्या हैदराबाद संस्थानातले जिंतूर भारतात नव्हतेच. निजामाने जून १९४७ मध्येच स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले होते, नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. आपले स्वातंत्र्य आले १७ सप्टेंबर १९४८ ला. मग आपल्या देवळा-मशिदींचे भवितव्य निजामी राजवटीतल्या तारखेला का बांधायचे?

माझ्या मते मराठवाड्याला १५ ऑगस्ट हीच तारीख अधिक न्याय देते. मधल्या तेरा महिन्यांत निजामसमर्थक रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. भारताच्या पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला तो मुसलमानांवर. मशिदींची विटंबना झाली, सक्तीने धर्मांतरे झाली, हे सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवले. रेघ १७ सप्टेंबरला ओढली असती, तर रझाकारी काळातली बळजबरी पक्की झाली असती. ती १९५० पर्यंत पुढे नेली असती, तर सुडाची बळजबरीही तिच्यात सामावली असती. १५ ऑगस्टची रेघ दोन्हींच्या आधीची आहे, म्हणून ती कोणाच्याच जुलमाला मान्यता देत नाही. आपल्या दोन्ही दुःखांना एकच माप लावणारी दुसरी तारीख मला दिसत नाही.

२०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचे महत्त्व ठामपणे सांगितले. तरीही त्याला आव्हाने मिळाली, आणि १२ डिसेंबर २०२४ ला प्रार्थनास्थळांविषयी नवे दावे नोंदवू नयेत, असा अंतरिम आदेश द्यावा लागला.

१७ सप्टेंबरला मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला जिंतुरात भाषणे होतील, तेव्हा वक्त्यांनी रझाकारांबरोबर सुंदरलाल समितीचेही नाव घ्यावे आणि या कायद्याचे चौथे कलम लोकांना वाचून दाखवावे.